गढूळ पिशवी

१२ मार्च
ती. ताईस, शि. सा. न.
काल दवाखान्यातून घरी आलो. शिडीवरून पडून कणा दुखावला आणि ही लघवीची नळी लागली, त्याला चार वर्षं झाली, पण असा ताप कधी आला नव्हता. बांधणीला आलेलं पुस्तक शिवता शिवता दात वाजायला लागले. तपासणीत आठपैकी सात औषधं माझ्या जंतूंना लागूच पडेनात. आठव्या इंजेक्शनने वाचलो. डॉक्टर म्हणाले, आता हे एकच उरलंय, जपा. एवढ्या गोळ्या कुणी दिल्या, असंही विचारलं. मी म्हटलं, मनानेच घेतल्या, नर्सचा भाऊ म्हणजे अर्धा डॉक्टर! तुझं नाव घेतलं नाही.
तुझा धाकटा

१७ मार्च
चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.
माझं नाव का झाकलंस? जाऊन सांग. तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी, आणि तू लघवीची पिशवी गढूळ म्हटलंस की जंतू मारायच्या गोळ्या धाडत गेले. आमच्या जुन्या डॉक्टरीणबाईंनी चांगलीच कानउघाडणी केली. कायमची नळी असली की जंतू राहणारच. ताप, थंडी, दुखणं नसेल तर औषध नाही. दर खेपेला लेचेपेचे जंतू मेले, चिवट तेवढे मागे राहिले. करायला गेले एक, झालं भलतंच. फार वाईट वाटतंय रे.
रागव हवं तर, पण पत्र थांबवू नकोस.
ताई

३ मे
ती. ताईस, सा. न.
नाव सांगितलं. डॉक्टर हसले, त्यांच्या आईकडेही अशाच गोळ्यांचा डबा आहे म्हणे. नळी वेळेवर बदलतो, पाणी पितो. तरी कालपासून पिशवी गढूळ आहे. कपाळ गार लागतं, पण सौ. म्हणते, ताईंकडून गोळ्या मागवा. खरं सांगू, मीही घाबरलोय. तू सांगशील तसं करतो.
राग नाही गं, माया आहेच, ती असू दे.
धाकटा

६ मे
चि. ठोंब्यास आशीर्वाद.
पत्र वाचलं आणि चपला सरकवून तडक औषधांच्या दुकानात गेले. मला बघताच दुकानदाराने नेहमीच्या गोळ्या काढून ठेवल्या. हात पुढे झाला होता, खोटं कशाला बोलू! मग म्हटलं, हे ठेव आणि थर्मामीटर दे. सोबत पाठवतेय. सकाळ-संध्याकाळ लाव. ताप शंभरावर गेला किंवा थंडी वाजली, तर मला लिहीत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ. नाहीतर पिशवीकडे बघू नकोस, कामाकडे बघ.
सौ.ला धीर दे. मलाही हवाच आहे.
ताई

१४ मे
ती. ताईस, सा. न.
पाच दिवस लावतोय, अठ्ठ्याण्णवच्या पुढे पारा हलत नाही. पिशवी परवा आपली आपण निवळली. गोळी एकही घेतली नाही. सौ. आता दिवसातून चारदा स्वतःचाच ताप बघते. आज एक जाडजूड शब्दकोश शिवून पुरा केला.
ते इंजेक्शन अजून माझ्यासाठी शिल्लक आहे, ताई.
तुझा धाकटा