लाल शिपायांचे डोळे

रणधीर भाऊजी,

मी अणदूरला माहेरी निघाले. वर्षश्राद्ध आटोपून आत्याबाई कालच वाशीला गेल्यात. टोपल्यात भाकरी आहेत, आल्यावर खाऊन घ्या.

तुम्हा दोघा भावांचा लढाईचा खेळ वरच्या खोलीत वर्षभर तसाच मांडलेला होता. ह्यांनी लाल शिपाई रंगवले, पण डोळे राहिले. गणपतीसारखे डोळे शेवटी काढायचे म्हणायचे, आणि त्याआधीच गेले. मला बघवंना, म्हणून काल दुपारी त्यांच्याच बारीक ब्रशनं मी सगळ्यांना डोळे काढले. जागेवरच, एकालाही न उचलता.

आज सकाळी बघते तर लाल शिपाई थर्माकोलच्या टेकडीवरून उतरून तुमच्या किल्ल्यापाशी उभे आहेत. प्रत्येकामागं धुळीत सरळ रेघ आहे. फासे बी टाकलेले आहेत. घरात मी एकटीच होते, आणि देवाशपथ मी कशाला हात लावला नाही.

दवाखान्यात हे सारखं म्हणायचे, माझी चाल राहिली. ती झाली.

खोलीला कुलूप घातलं नाही. आता पाळी तुमची आहे.

हर्षाली