सगुणा गाडीत बसली का?

पांढुर्णा,
ऑक्टोबर १९५६

प्रिय अनू,

तुझ्या दोन्ही पत्रांत एकच प्रश्न आहे: नागपुरातली खोली माझ्यासाठी धरून ठेवायची की सोडायची? उत्तर याच पत्रात देते. येत्या एक नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि आपलं पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहणार. कुठल्या राज्यात नोकरी हवी, हे आम्हा शिक्षकांना शनिवारपर्यंत सांगायचं आहे. पण आधी या आठवड्यात इथं काय झालं ते ऐक. ते सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचतच नाहीये.

मी लिहायचं आणि तू रेडिओवर बोलायचं, एवढंच आपण ठरवलं होतं. संत्र्याच्या बागेच्या राखणदाराची मुलगी सगुणा, दर बुधवारी तुझ्या आवाजात आपल्या मनातलं सांगणार, बस. मग चिंधू शाहीर माझ्याकडे आला. त्याचं म्हणणं, पोरगी मनातलं सांगते ते ठीक, पण गाव तिच्याबद्दल काय बोलतं ते कोण सांगणार? ते तो आपल्या खडी गंमतीच्या गाण्या-सोंगांत सांगू लागला, बाजाराच्या दिवशी, जाम नदीच्या काठावर. सगुणा होतो गुणवंता. एरवी कापसाच्या गाड्या हाकतो, पण लुगडं नेसला की बायकासुद्धा पदर सावरून बसतात. आणि सौंसरला टुरिंग टॉकीजचा तंबू लागला तेव्हा आमचे ड्रॉइंगमास्तर मोरेश्वरराव पुढे सरसावले. तिथं मशीन एकच. रीळ बदलेपर्यंत पडदा नुसता पांढरा असतो. तेवढ्या वेळात त्यांची काचेवर रंगवलेली चित्रं दिसतात: सगुणेची बाग, सगुणेचं घर, पुढं काय झालं ते. म्हणजे बुधवारी ऐकायचं, बाजारात पाहायचं आणि तंबूत पडद्यावर शोधायचं. एक जागा चुकली तर गोष्टीला भोक पडतं. शाळेत मुली गणिताच्या तासाला एकमेकींना ती भोकं बुजवून देतात आणि मी रागावल्याचं नाटक करते.

गेल्या बुधवारी तेच भोक पडलं. पंचायतीच्या रेडिओची बॅटरी ऐन वेळी बसली. नर्सिंग शिकायला नागपूरहून बोलावणं आलं आणि सगुणा "जाईन" म्हणाली, तो भाग पांढुर्ण्यानं ऐकलाच नाही. नदीपलीकडच्या सावरगावानं मात्र ऐकला. बाजारात आले ते मिशीत हसतच. विचारलं तर म्हणायचे, आमाले मालूम हाय, तुमाले काहून सांगू? गोटमारीत दोन्ही गावांनी नदीवरून एकमेकांवर दगड फेकले त्याला दोन महिनेही झाले नाहीत, तुला ठाऊकच आहे हा काठ आणि तो काठ.

त्यात गुणवंताही पांढुर्ण्याचाच. त्यानंही ऐकलं नव्हतं. मी शाळेतून पोचेपर्यंत गंमत रंगात आली होती, आणि तो भाग सावरगावात ऐकून आलेल्या चिंधूनं शाहिराच्या हक्कानं त्याला भर बाजारात विचारलं, का वं सगुणे, नागपूरले जातं का? गुणवंताला तर हे नवंच होतं. डफ थांबला. मग त्यानं समोर बसलेल्या सगळ्या बाजारावरून नजर फिरवली आणि म्हणाला, "मी काहून जाऊ? माह्यी गोष्ट आयकणारे तं सारे इथंच बसून हायेत."

अनू, काय आवाज उठला म्हणून सांगू! सावरगाववाले उभेच राहिले. लबाड म्हणाले, खोटी सगुणा म्हणाले. रेडिओवर स्वतःच्या तोंडानं जाईन म्हणाली होती, म्हणाले. इकडचे म्हणाले, रेडिओवरची कोणी पाहिली, ही तं डोळ्यासमोर उभी हाय. खरं सांगते, मी लोकांच्या हातांकडे पाहत होते, कोणी दगड तर उचलत नाही ना. आणि त्या भीतीतही माझ्या पोटात आनंद मावत नव्हता. आपण कागदावर केलेल्या एका पोरीसाठी दोन गावं भांडत होती.

तेवढ्यात सावरगावची म्हातारी कलाबाई भाजीची टोपली बाजूला सारून मधे आली. तिनं दोन्हीकडच्यांना गप्प केलं. म्हणाली, "दोन्ही खरं असन. तोंडानं जाईन म्हणली असन, अन् टेशनावर पाय उचलला नसन. त्यात लबाडी कायची?" वर हेही सांगितलं, की तिच्या धाकट्या बहिणीचं असंच झालं होतं आणि ती मेली आजवर इथंच सुखानं नांदते. लोक हसले. भांडण तिथंच जिरलं.

मी मोरेश्वररावांकडे धावतच गेले. त्यांनी ट्रंक घेऊन डब्यात चढणारी सगुणा रंगवून ठेवली होती. ती काच पुसली. नवी रंगवली: पांढुर्ण्याचं स्टेशन, सुटलेली गाडी, फलाटावर ट्रंकेवर बसलेली सगुणा. रविवारी आम्ही दोघं ती घेऊन सौंसरला गेलो. बाजारातली बातमी आमच्या आधी पोचली होती. चित्र पडद्यावर आलं आणि लोक पुढे सरकून पाहू लागले. नवं रीळ चढवून झालं, मशीनवाला सुरू करणार, तर लोकांनी ओरडून त्याला थांबवलं. त्यांना अजून पाहायचं होतं. एक बाई मागून हळूच म्हणाली, रडून नाही राहिली थे, बघा.

खरंच रडत नव्हती. मोरेश्वररावांना मी तसं सांगितलं नव्हतं.

दसऱ्याला मी तुला येईन म्हणाले होते, अनू, आणि मनापासून म्हणाले होते. तुझ्याजवळ राहायचं, रोज रेडिओसाठी लिहायचं, याची स्वप्नं मी कमी पाहिली नाहीत. पण तिथं मला तुझा आवाज मिळेल. गुणवंता, चिंधू, तो तंबू, काठावरची भांडणं कुठून आणू? खोली सोड. मी शनिवारी इथलंच राज्य सांगणार आहे. येत्या बुधवारचं लिखाण सोबत पाठवते, ते अर्धंच आहे. नागपूर स्टेशनवर सगुणेची वाट पाहत तिची मैत्रीण उभी आहे, गाडी आली, पण सगुणा उतरलेली नाही. तिचं बोलणं मी लिहिलेलं नाही. ते तू लिही आणि तिला मनसोक्त रागावू दे. मी सगळ्यांच्या पुढे बसून ऐकणार आहे.

तुझीच, न आलेली,
नलिनी