गाडी तर घरीच ठेवली होती

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. (एरवी हे नुसतं लिहायचं म्हणून लिहितो. या वेळी कागद जमिनीवर ठेवून, पालथा पडूनच लिहितो आहे, तेव्हा आठही अंगं टेकली आहेत असं समजावं.) तुमची तब्येत उत्तम असेलच. मामींचा गुडघा काय म्हणतो? शाळेची बस कशी चालली आहे, मागच्या बाकावरची मंडळी अजून तुमच्या टोपीवर खडूचे तुकडे मारतात का, आणि संध्याकाळचं तुमचं 'औषध' (शब्द मामींचा, माझा नाही) नेमाने चालू आहे ना? आमच्याकडे सगळे मजेत आहेत. म्हणजे मी सोडून सगळे. घाबरू नका, मी धडधाकट आहे, कामावरही रोज जातो, फक्त गाडी चालवत नाही. हे वाक्य कितीदा लिहिलं आणि खोडलं, कारण ज्या माणसाने मला गाडी शिकवली त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं ते कळेना.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी अंड्यांची गाडी चालवायचो. हे काम मिळालं तेच मुळी तुमच्या त्या पेल्यामुळे. गाडी शिकवताना तुम्ही समोर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचात आणि थेंब सांडला की मला जागच्या जागी उतरवून चालत घरी पाठवायचात. (त्या सुट्टीत मी जेवढा चाललो तेवढा पुढे कधी चाललो नाही. आता पुन्हा चालतो आहे.) त्या शिकवणीने माझा हात असा बसला की माझ्या ट्रेमध्ये फुटकं अंडं निघालं तर दुकानदार आधी स्वतःच्याच माणसांवर संशय घ्यायचे. गोदामाच्या भिंतीवर माझा फोटो लागला. नव्या ड्रायव्हरांना नियम समजावून सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. पोट आत घेऊन उभा राहायचो आणि सांगायचो, की आपल्या खाजगी गाडीत बसणाऱ्याला कायदा थोडीफार सूट देत असेल, पण मालाच्या गाडीवर बसणाऱ्याला आमच्याकडे शून्य म्हणजे शून्य. रोज गेटवर नळीत फुंकायचं, मगच किल्ली हातात पडायची. फुंकायला नाही म्हटलं तर प्यायलेलाच धरणार. नियम जणू मीच केले होते अशा थाटात मी हे बोलायचो. फक्त नियमांच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत पोचेपोचेतो चहा यायचा, त्यामुळे ते पान राहून जायचं. त्या पानावर रात्रीची दारू सकाळीही अंगात असते असं काहीसं होतं.

तर झालं असं, की आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, निवृत्त होणार होते. शेवटच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या निरोपाचं जेवण ठेवलं होतं. आम्ही ड्रायव्हर मंडळी अशा बाबतीत फार काटेकोर. एकानेही गाडी आणली नव्हती, कुणी बसने आलं, कुणी पायी, आणि जो तो दुसऱ्याला हे मुद्दाम सांगत होता. मला दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी हात जरा सैल सोडला. आबांना सकाळी फेरी होती, म्हणून ते सरबतावर. आता तो माणूस आयुष्यभर सगळ्यांच्या आधी उठलेला, आणि स्वतःच्याच जेवणात सरबत घेऊन कोपऱ्यात बसलेला. ते मला बघवेना. मी उठलो, छातीवर हात ठेवला आणि जाहीर केलं, की आबांची उद्याची फेरी मी करणार, आबांनी उद्या झोपायचं. टाळ्या पडल्या. आबांचे डोळे भरून आले. त्यांनी सरबत खाली ठेवलं, कुणीतरी त्यांच्या हातात ग्लास दिला, आणि त्या आनंदात माझाही आणखी एक झाला. मामा, सगळ्या खोलीत तेव्हा एकालाही सुचलं नाही की सकाळी गाडी चालवणारा माणूस आता हा आहे. मला स्वतःलाही सुचलं नाही. मी पायी घरी गेलो, वाटेत रस्ता मोकळा असूनही सिग्नलला थांबलो, आणि आपण किती जबाबदार आहोत या विचाराने शांत झोपलो.

सकाळी अंघोळ, इस्त्रीचा गणवेश, भांग, सगळं व्यवस्थित. डोकं दुखत नव्हतं, पाऊल सरळ पडत होतं. गेटवर फुंकलं तर लाल दिवा. मी हसलो. पहारेकऱ्याला म्हटलं, यंत्राला सर्दी झालेली दिसते. तोही हसला, पण किल्ली दिली नाही. थोडा वेळ थांबून दुसऱ्या यंत्रावर फुंकायची सोय असते, तो थोडा वेळ मी वाया जाऊ दिला नाही. गुळण्या केल्या, पाणी प्यायलो, पेपरमिंट चघळलं आणि घाम आला की उतरते असं ऐकून गोदामाला पळत फेऱ्या मारल्या. (पॅकिंगच्या बायका खिडकीत येऊन उभ्या राहिल्या.) दुसऱ्या यंत्राने पहिल्याला दुजोरा दिला. मग मी खोकल्याच्या औषधाचं नाव घेतलं, त्यावर पहारेकऱ्याने मला जरा खोकून दाखवा म्हणून सांगितलं. मग दाढीच्या लोशनवर घसरलो. आणि सगळं संपल्यावर ते वाक्य बोललो, जे नव्यांनी बोललं की मी त्यांची टिंगल करायचो, की गाडी तर घरीच ठेवली होती आणि रात्रभर झोपलो होतो.

पहारेकरी हळूच म्हणाला, "दादा, झोपलात तुम्ही. अंगातली ती कुठे झोपली?"

मग आबांना बोलवायला माणूस गेला, कारण फेरी शेवटी त्यांचीच. आबा आले, गेटवर उभे राहिले आणि फुंकण्याआधीच मान हलवली. बाकीचे सगळे आपापल्या फेऱ्यांना गेलेले. त्या वाटेवरचे दुकानदार आबांना निरोप द्यायला थांबले होते, आणि त्यांच्याकडे ना आबा गेले, ना मी, ना अंडी. आबांनी गाडीच्या दारावरून एकदा हात फिरवला आणि घरी गेले. त्या माणसाची शेवटची फेरी मी मोठ्या मनाने काढून घेतली आणि वाया घालवली, याचं मला जेवढं वाईट वाटतं तेवढं स्वतःच्या नोकरीचंही वाटत नाही. (नोकरीचं वाटतंच.)

मॅनेजरबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि समजावून सांगितलं. मालाच्या गाडीच्या ड्रायव्हरचा असा अहवाल परवाना कचेरीत जातोच, विमावाले अशा माणसाच्या हातातल्या गाडीचा विमा उतरवत नाहीत, आणि मी दुसरीकडे गेलो तरी तिथेही हेच विचारणार. पुढच्या गुरुवारी सुनावणी आहे. त्या दिवशी एक तर पुन्हा शिकवणी घेऊन गाडी मिळेल, नाहीतर कधीच नाही. तोवर मला अंडी तपासायच्या खोलीत बसवलं आहे. काळोख्या खोलीत दिव्यासमोर एकेक अंडं धरायचं आणि आत काय आहे ते बघायचं. भिंतीवरचा माझा फोटो काढला, तिथे पांढरा चौकोन उरला आहे. नव्या ड्रायव्हरांना आता तो चौकोन दाखवतात, आणि मी बोलायचो त्यापेक्षा ते जास्त लक्ष देऊन बघतात म्हणे.

घरी तुमची भाचेसून भांडेल असं वाटलं होतं. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती, गाडी घरी ठेवली, सिग्नलला थांबलो, उपकार करायला गेलो. तिने ऐकून घेतलं, गणवेश खुंटीला लावला आणि एवढंच विचारलं, "आबांच्या फेरीत पहिलं वळण शाळेपाशीच येतं ना?" त्या दिवसापासून डोळा लागत नाही. यंत्राला खरंच सर्दी होऊन माझा वास आला नसता, तर मी तुमच्या पेल्यातला थेंबही न सांडता त्या वळणावर गेलो असतो, असं मी स्वतःला समजावतो, आणि माझं मलाच पटत नाही.

बाकी ठीक. मामींच्या पायांवर डोकं ठेवतो, म्हणजे न दुखणाऱ्या गुडघ्याच्या बाजूला.

तुमचा भाचा,
(तूर्त) अंडी तपासनीस

ता. क. यंत्राला सर्दी वगैरे काही नव्हती, हे वेगळं सांगायला नकोच. खोकलाही नव्हता.

ता. क. दुसरा. पत्र लिहायचं खरं कारण असं, की सुनावणीला एका जुन्या ड्रायव्हरने येऊन आपल्यासाठी शब्द टाकायचा असतो. आबांना विचारायला तोंड नाही. तुम्ही याल का? आलात तर बसने या, कारण गाडी आत आणणाऱ्या पाहुण्यालाही गेटवर फुंकावं लागतं, आणि आदल्या संध्याकाळी तुमचं औषध झालेलं असणार.

ता. क. तिसरा. वरचं वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग तेच पुन्हा वाचलं. मामा, सुनावणीला नाही आलात तरी माझा राग नाही. पत्रासोबत अंड्यांचा ट्रे पाठवतो आहे. त्यातल्या मधल्या खळग्यात अंडं नाही, कागदात गुंडाळलेलं छोटं यंत्र आहे. ट्रे पोचला की दुसऱ्या दिवशी सकाळी बसची किल्ली हातात घ्यायच्या आधी त्यात एकदा फुंका. मुलं दारात उभी असली तरी चालेल, थांबतील ती. लाल दिवा लागला तर मला पाठवायचात तसे तुम्ही चालत घरी जा.