खांबाआडचा चेहरा

गांधीबाग, नागपूर
ता. ३ मे १९३९

ती. देवकीताईस,
शामलेचा सा. न. वि. वि. भाऊजींना जाऊन वर्ष होत आले तरी तुझ्या नावाआधी आता जे लिहायचे ते माझ्या हाताने लिहवत नाही, रागावू नकोस.

यमुताईच्या लग्नातली फिल्म सापडली. भाऊजी मांडवाच्या खांबाआड उभे आहेत आणि ग्यासबत्ती लांब, त्यामुळे चेहरा अगदी पुसट उतरला आहे. काल बाबांच्या अंधारखोलीत छापून पाहिला. तारेला पुठ्ठ्याची टिकली लावून ती चेहऱ्यावरच्या उजेडात हलवत राहिले, म्हणजे तेवढा भाग काळा पडत नाही. सातव्या कागदावर कपाळ आले, मिशी आली, आणि पंगतीत तुला चिडवताना असायचे तसे हसू! कागद अंदाजापुरता होता. हायपोत घालून पक्का केला नव्हता, म्हणून बाहेर आणताच काळवंडला.

फिल्म तेव्हा घाईत धुतलेली, तिच्यावर पिवळे डाग आहेत. बाबा म्हणतात आजच छाप. मी म्हणते आधी नीट धुते, नाहीतर पुष्पीच्या लग्नापर्यंत चित्र टिकायचे नाही. त्यावर त्यांनी विचारले, की तू फिल्म धुऊन राहिली का देवघरातली भांडी घासून राहिली!

लोभ ठेवतेसच, तसाच ठेव.
तुझी शामला

उमरेड, ता. ७ मे

चि. शामला हिस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचले. सासूबाईंनी विचारले, हसून राहिला काय वं तो? मी हो म्हणताच तोंडाला पदर लावून उठून गेल्या.

यांचा दुसरा फोटो नाही, आणि पुष्पी तर ते गेल्यावर जन्मली. तुला एकटीलाच लिहिते. मला त्यांचा आवाज आठवतो, वहाणा आठवतात, पण चेहरा जुळत नाही. डोळे आठवावे तर मिशी जाते. वीस तारखेला वर्षश्राद्ध आहे. त्याआधी पाठव.

बाबांना नमस्कार. तुला पुष्पीचा पापा.
देवकी

नागपूर, ता. ११ मे

ती. ताईस सा. न.

फिल्म गेली. मी घालवली. तुझे पत्र आले तेव्हा जाऊन चार दिवस झाले होते.

बाबांनी अर्धा तास सांगितला होता. डाग जाईना म्हणून मी दोन तास धुतली. रांजणातले गार पाणी संपले, तेव्हा नळाचे घेतले. मे महिन्यात इथला नळ किती तापतो ते तुला माहीत आहे. फिल्मवरचा थर सायीसारखा सुरकुतला आणि माझ्या बोटाबरोबर सरकून आला.

बाबा म्हणाले, उजेड कमी पडला असे कळव. घरात सगळ्यांत जास्त शाळा शिकलेली तू, दोन ओळी खोट्या लिहिता येत नाहीत काय वं? देवकीच्या दिराचा, चंद्रभानचा, चेहरा भावासारखाच आहे, तो घेऊन मिशी रंगवू, असेही म्हणाले. मला दोन्ही जमत नाही.

काय मागू तुझ्याजवळ?
शामला

उमरेड, ता. १६ मे

चि. शामला हिस आशीर्वाद.

तुझे पत्र सासूबाईंना वाचून दाखवले नाही. उजेड कमी पडला, असे मीच सांगितले. दुपारभर त्यांनी ग्यासबत्तीवाल्याला शिव्या घातल्या आणि मग चार घास जेवल्या. तू तसे लिहिले असतेस तर मीही जेवले असते.

यांचा चेहरा शेवटचा पाहिलेली आता तूच. श्राद्धाला ये. पुष्पीला मांडीवर घे आणि कपाळ कसे, मिशी कशी, हसू कसे, सगळे तिला सांग. तिला कळणार नाही. मी दाराशी बसून ऐकेन. माझ्याशी मात्र त्या दिवशी बोलू नकोस.

लोभ आहे. तो वाढव म्हणून इतक्यात लिहू नकोस.
देवकी