दुसऱ्या वूफरची जागा

शिवम,

मी नांदगावच्या वावरात तूर पाहाले चाललो. उद्याही जाता आलं असतं, पण आजच जातो. गंजात वरण हाये, गरम करून खाजो, तसाच निघू नको.

पुण्याच्या घरासाठी तू मागतलेला, घुमणाऱ्या आवाजाचा दुसरा सबवूफर दाराजवळ बांधून ठेवला हाये. गाडीत आडवा टाकू नको.

आईच्या खुर्चीमागून तो काढला, तसा माह्या खुर्चीतही आवाज पोकळ झाला. दोन असले का दोन्ही खुर्च्यांत सारखं ऐकू येते, हे तू सांगतलंच होतं. मंग तुह्याच पद्धतीनं उरलेल्याची जागा पाहिली. वूफर आईच्या खुर्चीवर ठेवला, गाणं लावलं अन् जिथं चांगलं ऐकू येते ते पाहात भिंतीभिंतीनं रांगत फिरलो. दिवाळीत आपण तिघं असेच रांगलो होतो, तुही आई हसून हसून खालीच बसली होती. या वेळी गुडघेच तेवढे बोलले.

खिडकीखाली जागा सापडली, वूफर तिथं मांडला. पण रांगताना वूफर ज्याले ऐकाचं त्याच्या, म्हंजे माह्या खुर्चीवर ठेवाले पाहिजे होता, हे मागून ध्यानात आलं. आता फक्त आईच्याच खुर्चीत बरोबर वाजते. पुन्हा रांगणं झालं नाही, म्हून मीच तिथं बसतो.

नात चालाले लागली का परत येतो, पुण्याले तुह्याकडं जातानी म्हणे तुही आई. आता तर ती पोरगी पळत असन.

आईले खुर्चीचं सांगू नको. ती आली का मी उठतो.

बाबा