आंबुशीची तीन पानं

बटाव्हिया, केइआन शकाचं वर्ष ३, उन्हाळा

ती. तोकुबेई दादांस,
धाकट्या सेनचा शि. सा. न. वि. वि.

चिनी नाखवा हे पत्र कमरपट्ट्यात शिवून नागासाकीला आणील, म्हणून मोकळेपणानं लिहिते. आमचे हे गेल्या वर्षी तापानं गेले. हॉलंडच्या सुताराशी लग्न केलं म्हणून सरकारनं मला देशाबाहेर घातलं. तो सुतार आता नाही, परतीची बंदी मात्र आहे तशीच आहे.

मित्सु कशी आहे? तान्ही समुद्रावर टिकणार नाही म्हणून, मूल मेलेलं जन्मलं असं शेजारी सांगून तिला मी काने वहिनीच्या कुशीत ठेवली आणि जहाजावर चढले, तेव्हा तिचे केस काळेभोर होते. पुढच्या वर्षी तिला तेरावं वर्ष लागेल. वहिनी भात अजून पाणचट करते का? ती मित्सुकडून आई म्हणवून घेत असेल, त्याचा हेवा वाटतो, हे तिला सांगू नका.

माया आहे तशी राहू द्यावी.
आपली, सेन


नागासाकी, केइआन ३, शरद

चि. सेन हिस अ. उ. आ.

नवरा गेल्याचं वाचून वाईट वाटलं, जरी तो माझी करवत घेऊन गेला होता.

मित्सु ताडमाड वाढलीय. केस मात्र उन्हात तांबडी झाक मारतात. काने दात काळे करायचं लोखंडाचं पाणी तिच्या डोक्याला चोळते. पोर नाक दाबून विचारते की दात संपले का म्हणून माझं डोकं रंगवतेस. काने हसते आणि मग मागीलदारी जाऊन रडते. इथं पाच पाच घरं एका दाव्याला बांधलीत. एकानं गोऱ्यांचं मूल लपवलं तर पाचही घरांवर संकट. आपल्या पाचांतला, पिंपं बांधणारा योहेई हल्ली काहीच विचारत नाही, म्हणजे त्याला कळलंय.

तेव्हा काही पाठवू नकोस. अगदीच राहवलं नाही तर साधं कापड पाठव, आत्यानं भाचीला पाठवावं तसं.

लोभ आहे, तो जपून वापर.
तुझा दादा


बटाव्हिया, केइआन ४, उन्हाळा

ती. दादांस, शि. सा. न. वि. वि.

रागावू नका. तेराव्या वर्षाचा रेशमी किमोनो पाठवतेय. पेटी जकातीतून रीतसर येईल. पाठीवर आपल्या आईचा जांभळ्या फुलांचा घोस भरलाय. आजीनं तो आईला दिला, आईनं मला. बायकांचं चिन्ह लेकीकडेच जायचं, मग मी तरी कुणाला देऊ? जकातीतल्या पुरुषांना त्यातलं काय कळतंय? ते रेशीम चाचपतील आणि सोडतील.

इतक्या वर्षांत तिला एकदाही हाक मारली नाही. एवढं तरी तिच्या अंगावर असू द्या.

धाकटीवर नेहमीसारखाच लोभ असू द्या.
सेन


नागासाकी, केइआन ४, शरद

सेन,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. जकातीतल्या कारकुनाला चार बहिणी आहेत. घोस बघून त्यानं कानेला लग्नातलं वस्त्र घेऊन बोलावलं. त्यावर तिच्या माहेरची आंबुशीची तीन पानं. त्यानं शांतपणे विचारलं की लेकीला आईची आंबुशी सोडून आत्याचा घोस कसा? काने म्हणाली, हौस. मग त्यानं मित्सुचं डोकं गरम पाण्यानं धुवायला लावलं. पाणी काळं झालं आणि केस तांबडे.

योहेई बायकोपोरांसकट शेजारच्या कोठडीत आहे. भिंतीपलीकडून विचारत होता की किमोनो निदान चांगला होता का.

पोरीला किमोनोसकट जहाजावर चढवताहेत. परवा आमची डोकी उडवतील. तिला सांगितलंय की आम्ही पुढच्या जहाजानं येतो. ते खोटं पाडू नकोस, हीच तुझी शिक्षा. तुला तुझी लेक हवी होती ना? घे.

लोभ पुष्कळ झाला. आता पुरे.
तोकुबेई


बटाव्हिया, केइआन ५, उन्हाळा

ती. आईस,
मित्सुचा कृ. सा. न. वि. वि.

जहाज आलं, पण तू उतरली नाहीस आणि बाबाही नाहीत. आत्या म्हणते की जागा मिळाली नसेल. ती माझ्याकडे सारखी बघत बसते. भात छान मोकळा करते. मला आईचा पाणचट भातच आवडतो असं सांगितलं तर ताटावरून उठून गेली. इथं डोक्याला काही चोळायची गरज नाही म्हणते. तरी मी रोज चोळते, नाहीतर तू आल्यावर रागावशील.

किमोनो तू येशील त्या दिवशी घालीन. त्यावर चुकून आत्याचा घोस आला होता. तो मी सगळा उसवला. तिथं आपली आंबुशी भरतेय, दोन पानं झाली. मला सुई ओवता येत नाही, म्हणून आत्या ओवून देते. ती पानांकडे बघत नाही, पण नाही म्हणत नाही.

हे पत्र तीच नाखव्याकडे देणार आहे. मला धक्क्यावर येऊ नकोस म्हणाली.

तिसरं पान व्हायच्या आत ये.
तुझीच लेक, मित्सु