चार नंबरच्या टाकीतील दही सैल न करण्याबाबत

प्रति,
मा. गुणवत्ता अधिकारी,
दुग्धशाळा (शीतगृहाच्या वरचा मजला)

विषय: चार नंबरच्या टाकीतील दुधाला जुने एन्झाइम देणे बंद न करण्याबाबत.

संदर्भ: आपण जिन्यात दिलेली तोंडी सूचना, "आजोबा, जे काही असेल ते लेखी द्या."

महोदय,

लेखी देतो. मी आपल्याच दुग्धशाळेचा निवृत्त दही-तपासनीस. माझी दिवंगत पत्नी याच विभागात कामाला होती. घट्टपणा मोजायचे यंत्र येण्यापूर्वी प्रत्येक खेपेतला एक कप उघडायचा, मधले बोट दह्यात दाबायचे आणि खळगा कसा राहतो ते पाहायचे, अशी आमची रीत होती. पत्नीचे ते बोट एकदा टाकीच्या झाकणात सापडून वाकडे झाले. तेव्हापासून तिचा वाकडा खळगा कोणीही ओळखावा; माझा सरळच राहिला.

१. आज जुने ठरलेले ते एन्झाइम आले आणि दुधातली प्रथिने एकमेकांना अशी धरून बसू लागली, की दूध आंबून दही झाले तरी हात सोडेनात. खळग्यात पाणी साचणे थांबले. यंत्राची दांडी त्या दह्यात वाकली. एक कप जिन्यावरून निसटला तो न सांडता फाटकापर्यंत गेला, तिथे पहारेकऱ्याने त्याला सलाम ठोकला. पहारेकरी माझा मेहुणा असून साक्ष देण्यास तयार आहे. सलामाचे तेवढे तो नाकारतो.

२. पत्नी गेल्यानंतर चार नंबरच्या कपांत तिचा खळगा दिसू लागला. पारदर्शक झाकण सीलबंद, आणि खाली दह्यावर वाकड्या बोटाचा ठसा. मेहुणा म्हणाला, "भावजी, ताई अजून कामावर येते. हजेरी तेवढी लावत नाही." मी कप घरी नेऊ लागलो. सूनबाईने फ्रीजचा वरचा कप्पा रिकामा करून दिला.

३. पुढे गिऱ्हाइकांनी "कपात खड्डा" अशी तक्रार केल्यावरून आपण प्रथिने तोडणारे दुसरे एन्झाइम वापरून पाहिले. दही सैल झाले. आता तक्रार येते, "पाणी सुटते." महोदय, ते आपोआप सुटत नाही. ती बोट दाबते आणि दही ते धरून ठेवत नाही, म्हणून खळगा पाण्याने भरतो. परवाच्या कपात तर दही तळापर्यंत फुटलेले होते. ती जोर लावते आहे. ठसा नीट उमटला नाही की हयातीतही ती अशीच इरेला पेटायची.

सबब विनंती, की सगळ्या टाकीचे राहू द्या, निदान एका कपापुरते जुने एन्झाइम चालू ठेवावे. तो कप शीतगृहात मागच्या फळीवर असावा. मी येऊन बाहेरूनच पाहून जाईन, झाकणाला हात लावणार नाही. ज्या दिवशी त्या सीलबंद कपात वाकड्या खळग्याशेजारी एक सरळ बोटाचा खळगा आढळेल, त्या दिवसापासून कप ठेवणे बंद करावे आणि हा अर्ज निकाली निघाला असे समजावे.

आपला नम्र आणि तूर्त हयात,
(सही)
निवृत्त दही-तपासनीस
दिनांक: आजचाच

सोबत: तिचा ठसा टिकलेला शेवटचा कप. उघडू नये. पाहून झाल्यावर परत मिळावा.